अकरा पौंडांची जेली

मर्ल ओडेगार्ड एका जागी स्वस्थ बसलेला मी तीस वर्षांत दोनदाच पाहिलाय. एकदा न्हाव्याकडे आणि एकदा त्याच्या सासऱ्याच्या अंत्यविधीला. त्यातही दुसऱ्या वेळी प्रार्थना चालू असताना तो मध्येच उठून चर्चच्या तळघरात कॉफी उकळली का, ते बघून आला होता.

नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात त्यानं चाळीस वर्षं काउंटीचा ग्रेडर चालवला. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे, हिवाळ्यात बर्फ लोटायचा. त्या यंत्राची थरथर त्याच्या पायांत कायमची राहून गेली, असं त्याची बायको आर्डिस म्हणते. निवृत्तीच्या दिवशी काउंटीनं त्याला आरामखुर्ची भेट दिली. अकरा वर्षं झाली, खुर्ची अजून नवीकोरी आहे.

तर ही गोष्ट आर्डिसच्या रायफलीची. आर्डिस डावखुरी. बाजारातल्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला ओढायचा दांडा, उजव्या बाजूला असतो. डावखुऱ्या माणसानं दुसरी गोळी भरायची तर हात बंदुकीवरून पलीकडे न्यावा लागतो. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा मर्लनं तिच्यासाठी डाव्या बाजूला बोल्ट असलेली रायफल मागवली. त्यानंतर दर नोव्हेंबरला आर्डिसनं एक हरिण आणलं. मर्लनं दर नोव्हेंबरला आणलं नाही. हे मी हळूच सांगतोय.

गेल्या वर्षी वसंतात आर्डिसच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, आता बंदुकीचा धक्का घ्यायचा नाही. आर्डिस रडली-बिडली नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. तिनं रायफल पुसली, तेल लावलं आणि मर्लला म्हणाली, "विकून टाक. पण डावखुऱ्यालाच. कुणी भिंतीवर टांगायला मागितली, तर त्यालाच भिंतीवर टांग."

घरात दुसरं कुणी डावखुरं नाही. नात कर्स्टन तेरा वर्षांची, नेमबाजीत आजीवर गेलेली, पण उजवी. ("तेवढा एक दोष आहे पोरीत," आर्डिस म्हणते.) सप्टेंबरच्या मध्याला मुलांचा शिकारीचा हंगाम असतो, आणि त्या वर्षी कर्स्टनचं पहिलं हरिण. आजोबांनी तिला घेऊन जायचं, हे ती सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मर्लनं त्या शुक्रवारभोवती इतक्या वेळा गोल काढला होता, की कागदाला भोक पडायचं बाकी होतं.

मर्लनं गावात डावखुरे शोधले. तीन निघाले. त्यातला एक धर्मोपदेशक, एक दात काढणारा आणि एक नुकताच वारलेला. शेवटी इंटरनेटवर जाहिरात दिली आणि तिसऱ्याच दिवशी थेट न्यू जर्सीहून फोन आला.

"पेट्रुझी बोलतोय. डॉमिनिक पेट्रुझी. नळ दुरुस्त करायचो, आता गुडघे दुरुस्त करून घेतोय. ती डावी रायफल खरंच आहे, का थट्टा करताय?"

"थट्टा कशाला करू?" मर्ल म्हणाला.

"तसं नव्हे हो. चाळीस वर्षं मी उजव्यांच्या बंदुकीनं शिकार करतोय. माझा हात बोल्टपर्यंत पोचेस्तोवर हरिण घरी जाऊन जेवायला बसलेलं असतं."

हे आर्डिसला इतकं आवडलं, की तिनं तिथल्या तिथे ठरवलं: ह्यालाच.

आता आमच्याकडे बंदूक विकणं म्हणजे काय, तर दोघांनी पिकअपच्या फळीला टेकून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, मग हात मिळवायचा. राज्यातल्या राज्यात, ओळखीपाळखीत, एवढंच. पण मध्ये राज्याची सीमा आली की सगळं बदलतं. पेटी थेट गिऱ्हाइकाच्या दारात पाठवायची नाही. गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या परवानेवाल्या दुकानदाराकडे पाठवायची. तो चौकशी करणार आणि मग हातात देणार. आणि राज्य तितक्या तऱ्हा. मर्लला असलं काही मिळालं की तो रात्रंदिवस त्याच्या मागे. त्यानं एक निळी फाइल केली. ती काखेत मारून तो रोज सकाळी शेतकऱ्यांच्या को-ऑप दुकानात यायचा, जिथे आम्ही पाचसहाजण कॉफीसाठी फासे टाकतो. हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची.

"न्यू जर्सीत बंदूक घ्यायला आधी ओळखपत्र लागतं," मर्ल उभ्याउभ्याच सांगायचा. "बोटांचे ठसे. शिवाय दोन माणसांनी लिहून द्यायचं, की हा बरा माणूस आहे."

"दोन?" डेप्युटी ग्लेन व्होल्क म्हणाला. ग्लेन म्हणजे आमचे पोलीस. सकाळी नऊ ते साडेनऊ कायदा आमच्या टेबलावर बसून ॲपल पाय खातो. "मर्ल, तुला ह्या गावात दोन मिळतील?"

"आणि गंमत म्हणजे, तिथे हरणावर रायफल चालवायलाच बंदी आहे. तो बिचारा शिकारीला पेनसिल्व्हेनियात जातो. आणि हे ऐका. मी जिवंतपणी पाठवली तर दुकानदार पाहिजे. पण मी मेलो आणि मृत्युपत्रात कुणाच्या नावानं ठेवली, तर परराज्यातल्या माणसालाही ती थेट जाते!"

त्या दिवशी आर्डिस नेमकी मागच्या काउंटरवर कोंबड्यांचं खाद्य घेत होती. ती वळलीसुद्धा नाही. "मग थांबू या का थोडं?" एवढंच म्हणाली.

गावात परवानेवाला दुकानदार आहे. डेल रूड. हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला बंदुका ठेवतो. तीस डॉलर घेऊन तो सगळं रीतसर पाठवून देतो. पण मर्ल डेलच्या दुकानात अठरा वर्षांत गेलेला नाही. कारण एका हिवाळ्यात मर्लच्या ग्रेडरनं लोकांनी दारापुढे रस्त्याकडेला रोवलेल्या सहा टपालपेट्या उडवल्या आणि त्यातल्या दोन डेलच्याच होत्या. म्हणजे एकच पेटी, दोनदा. मर्लचं म्हणणं, डेलनं पेटी मुद्दाम रस्त्यात रोवली होती. डेलचं म्हणणं छापण्यासारखं नाही.

"रायफल मला स्वतःला टपालानं पाठवता येते," मर्ल फाइलवर बोट आपटत म्हणाला. "पिस्तूल नाही येत, रायफल येते. पाठवायची फक्त परवानेवाल्याकडे. मग डेलची हांजी हांजी कशाला?"

आणि ते खरंही होतं. कायद्यात मर्ल कुठेच चुकला नाही. चुकला तो जेलीपाशी.

आमच्याकडे विकलेली वस्तू नुसती देत नाहीत. गाय विकली तर गिऱ्हाइकाबरोबर डझनभर अंडी जातात, ट्रॅक्टर विकला तर ॲपल पाय जातो. नुसतेच पैसे घेऊन वस्तू दिली तर गाव म्हणतं, माणूस दुकानदार झाला वाटतं. तेव्हा आर्डिसनं पेट्रुझीसाठी रानचेरीच्या जेलीच्या चार बाटल्या भरल्या. एक लांब खोकं, एक आखूड खोकं. दोन्ही एकाच तपकिरी कागदात. दोन्हींवर तिनं आपल्या तिरक्या डाव्या अक्षरात लिहिलेली पत्त्याची चिठ्ठी नुसती ठेवली: लांब खोक्यावर दुकानदाराची, आखूड खोक्यावर पेट्रुझीच्या घरची. आणि मर्लला म्हणाली, "चिकटव."

मर्लनं चिठ्ठ्या उचलल्या. मग चिकटपट्टी आणायला गॅरेजमध्ये गेला. तिथे त्याला ग्रीस मारायची पिचकारी गळताना दिसली, ती पुसली. मग मांजराला बाहेर काढलं. मग फोन वाजला, तो घेतला. मग चिठ्ठ्या चिकटवल्या.

शनिवार होता, आमच्याकडच्या कामगारदिनाच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लांब सुट्टीचा. टपालखिडकी अकराला बंद होते. आमची पोस्टमास्तर वाँडा बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलेली. तिच्या जागी पलीकडच्या गावचा एक बदली माणूस. त्यानं नेहमीचं विचारलं, "पातळ, फुटणारं, नासणारं, धोक्याचं काही?" मर्ल म्हणाला, "जेली." झालं. दोन पावत्या घेऊन मर्ल शिट्टी वाजवत घरी.

बारा वाजता मी त्यांच्याकडे शिडी परत करायला गेलो, तेव्हा दोघं जेवत होती. म्हणजे आर्डिस जेवत होती, मर्ल ताट हातात घेऊन खिडकीतून पाखरांच्या दाणापेटीकडे बघत होता. आर्डिसला सगळ्या पावत्या वाचायची सवय आहे. ती वाचता वाचता थांबली.

"मर्ल, पेट्रुझीच्या घरी गेलेलं खोकं किती पौंडांचं लिहिलंय माहीत आहे?"

"असेल चारपाच."

"अकरा. आणि दुकानदाराकडे गेलेलं साडेचार." तिनं चष्मा काढला. "मी अकरा पौंडांची जेली केलेली नाही."

मर्लच्या हातातलं ताट मी धरलं म्हणून वाचलं.

मग तो बसला. आरामखुर्चीत! मी आर्डिसकडे पाहिलं, आर्डिसनं माझ्याकडे. प्रकरण गंभीर होतं.

"हा केंद्राचा गुन्हा आहे," मर्ल खुर्चीतून म्हणाला. फाइल त्याच्या मांडीवर उघडी होती. "परराज्यातल्या माणसाच्या दारात थेट रायफल. शाबीत झाला, तर आयुष्यात पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. घरातल्या कपाटात ठेवायचीही नाही." आणि मग त्याची नजर कॅलेंडरवर गेली. दोन आठवडे राहिले होते. उठला आणि अंगणात चालायला लागला.

टपाल बंद. रविवार बंद. सोमवार सुट्टी. पेट्रुझीला फोन लावला तर तो समुद्रावर मासे धरायला गेलेला आणि फोन आन्सरिंग मशीनवर. मशीनवर 'रायफल' म्हणायचं नाही, असं मर्लनं ठरवलं. कोण ऐकेल कोण जाणे. पहिला निरोप मी ऐकला. "पेट्रुझीसाहेब, मी मर्ल. लांबडं आहे ना, ते तुमच्याकडे येतंय. आखूड दुसरीकडे गेलंय. लांबड्याला हात लावू नका. आखूड खाऊ शकता." रविवारी संध्याकाळपर्यंत असे पाच निरोप झाले आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा संशयास्पद. शेवटचा तर नुसता श्वास होता.

ह्या तीन दिवसांत मर्लनं लॉन तीनदा कापलं. माझंही एकदा कापलं, विचारलं नाही. रविवारी चर्चमध्ये ताटलीत वर्गणी टाकून ताटली पुढे द्यायचीच विसरला, ती घेऊनच फेऱ्या मारायला लागला. सोमवारी तो ग्लेनच्या घरी गेला. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून का जामीन म्हणून, कोण जाणे. ग्लेन अंगणात मक्याची कणसं भाजत होता.

"ग्लेन, एका माणसाबद्दल विचारायचंय," मर्ल म्हणाला.

"तो माणूस ह्या अंगणात उभा आहे का?"

"समज, नाही."

"समजलो. बस."

"तो बसत नाही. म्हणजे, मी बसत नाही. समज, त्या माणसानं चुकून लांब खोकं भलत्या दारात पाठवलं."

ग्लेननं कणीस उलटलं. "मर्ल, मी काउंटीचा पोलीस. केंद्राचं मला विचारू नकोस. पण मला एवढं कळतं: खोकं अजून कुणाच्या हातात पडलेलं नाही. सही घेऊनच देणार ना?"

"सही घेऊनच. मीच जादा पैसे भरले." मर्लला त्याही अवस्थेत अभिमान वाटला.

"मग त्या दारातल्या माणसानं सही केली नाही, नको म्हणाला, तर खोकं आल्या पावली परत. पट्टी न फुटता परत आलं, तर मी म्हणेन, त्या माणसानं टपालखर्च फुकट घालवला. तो काही गुन्हा नाही, बावळटपणा आहे. पण त्याला म्हणावं, वाट बघू नकोस, वकिलाला विचार आणि टपालाला स्वतः होऊन सांग. आणि सही केली, तर..." त्यानं मर्लला एक कणीस दिलं. मर्ल ते हातात घेऊन घरापर्यंत चालत आला, न खाता.

मंगळवारी सकाळी वाँडानं खिडकी उघडली, तेव्हा मर्ल दारातच होता. तिनं सगळं ऐकलं, डोळे मिटले, खोकं वाटेत अडवायचा अर्ज लिहिला. "पण मर्ल, ते न्यू जर्सीत पोचलंय. उद्या दारात जाईल. अर्ज आधी पोचेल का खोकं, मी सांगू शकत नाही." वकिलानंही फोनवर तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

मंगळवारी संध्याकाळी पेट्रुझीचा फोन आला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो.

"ओडेगार्ड! काय हे निरोप? माझी बायको म्हणतेय, मी कुठल्या टोळीत शिरलो!"

मर्लनं सगळं सांगितलं. मग पेट्रुझी म्हणाला, "म्हणजे ती उद्या माझ्या दारात येणार. माझ्या. दारात."

"हो. आणि तुम्ही ती घ्यायची नाही."

"अहो, ओळखपत्र आहे माझ्याकडे! ठसे दिलेत! दोन माणसांनी लिहून दिलंय, त्यातला एक तर पाद्री आहे!"

"दुकानदाराकडूनच घ्यावी लागेल. तुम्ही सही केलीत तर मी संपलो. माझ्या नातीचं पहिलं हरिण..." आर्डिसनं फोन काढून घेतला.

"पेट्रुझी, मी आर्डिस. रायफल माझी आहे."

पलीकडे आवाज एकदम खाली आला. "हं, बाई."

"तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही ठेवून घेतलीत, तर आम्ही इथून काही करू शकत नाही. सगळं तुमच्यावर आहे." आणि मग म्हणाली, "शाळेत कुठल्या हातावर पट्ट्या खाल्ल्या?"

"डाव्यावर, बाई. तीन वर्षं."

"मीही," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी मर्लनं फेऱ्या मारल्या त्या मोजल्या असत्या, तर तो शेजारच्या मिनेसोटा राज्यात पोचला असता. टपालाच्या संगणकावर सकाळी नऊला आलं, 'वाटपासाठी निघालं'. म्हणजे वाँडाचा अर्ज हरला होता. दहा. अकरा. आर्डिस सफरचंदं सोलत होती. तिनं इतकी सोलली, की नंतर आठवडाभर गल्लीला ॲपल पाय पुरला. दर पाच मिनिटांनी मर्ल म्हणे, "घेतलीच असेल त्यानं." आर्डिस म्हणे, "चालत राहा."

सव्वाबाराला फोन वाजला. मर्लनं तो उचलला आणि कानापासून एवढा लांब धरला, की मलाही सगळं ऐकू आलं.

"गेली," पेट्रुझी म्हणाला.

"कुठे?"

"परत! अहो, आमची टपालवाली ग्लोरिया वीस वर्षं मला ओळखते. मासे धरायला जाईपर्यंत मी रोज तिला विचारत होतो, दुकानदाराकडे लांब खोकं आलं का, लांब खोकं आलं का. आज ती धावत आली. म्हणते, 'डॉम, आलं रे बाबा एकदाचं!' मी म्हटलं, हे माझं नाही. ती म्हणते, 'तुझं नाव आहे!' मी म्हटलं, असतील दुसरे. ती म्हणते, 'ह्याच पत्त्यावर?' माझी बायको खिडकीतून बघतेय. शेजारी बघतोय. ग्लोरिया पेन पुढे करतेय. आणि माझा हा हात, ओडेगार्ड, आपला आपण वर यायला लागला. शेवटी मी डावा हात पँटच्या खिशात घातला, आत लायनिंग घट्ट धरलं आणि म्हटलं, नको. परत ने. खिसा फाटला."

मर्लनं टेबलाची कड धरली. आर्डिसनं सुरी खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले, बराच वेळ पुसले.

"खिसा मी शिवून दिला असता," ती फोनकडे बघून म्हणाली.

नऊ दिवसांनी खोकं परत आलं. पट्टी जशीच्या तशी. मर्लनं ते वाँडाच्या खिडकीवरून उचललं आणि सरळ रस्ता ओलांडून डेल रूडच्या दुकानात गेला. अठरा वर्षांनी. आम्ही को-ऑपच्या काचेतून बघत होतो. ग्लेननं फासे हातातच धरले होते. डेलनं काउंटरवरून खोक्याकडे पाहिलं, मर्लकडे पाहिलं. सगळ्या गावाला माहीत होतं, तसं त्यालाही होतं.

"तीस डॉलर," डेल म्हणाला.

मर्लनं दिले. मग पिकअपमधून जेलीची एक बाटली आणून काउंटरवर ठेवली. डेलनं ती उचलली, उजेडात धरली. "माझी टपालपेटी आता आत सरकवलीय," तो म्हणाला. एवढंच. आमच्याकडे ह्याला समेट म्हणतात.

पेट्रुझीनं खोकं परत पाठवलं त्याच दुपारी न्यू जर्सीच्या दुकानदाराचाही फोन आला होता: माझ्याकडे चार बाटल्या आल्यात, ह्यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही, काय करू? आर्डिस म्हणाली, पेट्रुझीला द्या. तो म्हणाला, तीन देतो; चौथी तपासणीत संपली.

कॅलेंडरवर गोल काढलेल्या त्या शुक्रवारी मर्ल कर्स्टनला घेऊन गेला. पहिल्या दिवशी हरिण मिळालं नाही, कारण आजोबा गवतात बसून सारखे हलत होते. दुसऱ्या दिवशी कर्स्टन म्हणाली, "आजोबा, तुम्ही पिकअपपाशी फेऱ्या मारा, हरिण माझ्याकडे येईल." तसंच झालं.

डिसेंबरात पेनसिल्व्हेनियाहून फोटो आला. बर्फात गुडघा टेकलेला एक जाडा माणूस, केशरी टोपी, डाव्या खांद्याशी रायफल. हरिण दिसत नव्हतं. मर्ल म्हणाला, "काही मिळालं नाही वाटतं."

आर्डिसनं फोटो खिडकीशी नेला आणि चष्मा लावून पाहत राहिली. मग फ्रिजवर, कर्स्टनच्या फोटोशेजारी लावला.

"हात बरोबर आहे," ती म्हणाली.